मरून 'रॅन' म्हणजे खपला की फुटला?

प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद सांभाळणाऱ्या तरुणाकडे परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला. मजकूर तीन-चार वाक्यांचाच: "द फर्स्ट रन लुक्ड गुड, बट द मरून रॅन आफ्टर टू वॉशेस. वुई आर रनिंग लो अँड अवर ऑफर रन्स ओन्ली टिल मंथ एंड. प्लीज रन द न्यू लॅब डिप बाय अस बिफोर यू रन द रेस्ट." यावरून कारखान्यात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मरून चांगला 'चालला' आहे, आणखी काढा. दुसऱ्याचं म्हणणं, ही काहीतरी तक्रार दिसते. 'रन'चे कोशात सहाशेच्या वर अर्थ आहेत असंही या तरुणानं कुठं तरी वाचलंय, आणि ते पाठ कसे करायचे असं तो विचारतो.

आधी मेलचं बघू, कारण तुमचा माल अडलाय. तक्रारच आहे. मरून खपलेला नाही, मरूननं रंग सोडलाय. सगळा मजकूर मराठीत असा होईल: "पहिला लॉट छान दिसत होता, पण दोन धुण्यांत मरूननं रंग सोडला. आमच्याकडचा साठा संपत आलाय आणि आमची सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. तेव्हा नवा लॅब डिप (मंजुरीसाठी रंगवलेला छोटा नमुना) आधी आम्हाला दाखवा आणि मगच उरलेला माल काढायला घ्या." म्हणजे बल्कचं, उरलेल्या सगळ्या मालाचं, काम आज थांबवा, डाइंग मास्तरांना बोलवा आणि गिऱ्हाइकाला लगेच कळवा की लॅब डिप अमुक तारखेला पाठवतो. 'मरून चालला' असं समजून आणखी दोनशे किलो सूत रंगवलंत तर ते गोडाऊनमध्ये बसेल.

आता मेलकडे परत एकदा बघा. 'रन' सहा वेळा आलाय आणि मराठीत सहा निरनिराळ्या गोष्टी निघाल्या: लॉट, रंग सोडणं, संपत येणं, अमुक तारखेपर्यंत असणं, दाखवणं, माल काढणं. 'धावणे' एकदाही नाही. मी कैक वर्षं सोलापुरात व्यापारी पत्रांचं आणि कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते. 'रन' दिसला आणि 'धावणे' लिहिलं, असं करायची वेळ माझ्यावर फार क्वचित येते. शाळेत आपल्याला तो पहिला अर्थ म्हणून शिकवतात. कामाच्या कागदांत मात्र तो सगळ्यात शेवटी आठवावा.

सहाशेचा आकडा खरा आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली, पहिला भाग १८८४ ला छापून निघाला आणि सगळा कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची, सुमारे ४३० अर्थांची. पुढं तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं आणि 'रन'नं 'सेट'ला मागं टाकलं. २०११ मध्ये बातम्यांत आलेला आकडा होता ६४५, तोही नुसत्या क्रियापदाचा. नाम वेगळं. पीटर गिलिव्हर या संपादकांचे या एका शब्दावर नऊ महिने गेले. रोज एक अर्थ पाठ करायचा म्हटलं तरी तुमची पावणेदोन वर्षं जातील, आणि शेवटी हातात मेल आला की त्यातला कुठला लावायचा हा प्रश्न तसाच राहील. म्हणून पाठ करू नका. (जाता जाता: ज्या १८५७ साली तिकडं नुसतं बोलणं सुरू होतं, त्याच साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत छापून तयार होती. कोशांच्या बाबतीत आपण फार मागं नव्हतो.)

हा शब्द इतका फुगला कसा, हे समजलं की निम्मं काम होतं. 'रन'च्या मुळाशीच दोन गोष्टी आहेत, पायानं पळणं आणि पाण्यानं वाहणं. जर्मनमध्ये यासाठी आजही दोन जवळजवळची क्रियापदं आहेत, 'रेन्नेन' म्हणजे पळणं आणि 'रिन्नेन' म्हणजे वाहणं. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मिसळून गेली. त्यामुळं नाक 'रन' होतं, नळ 'रन' होतो, डोळ्यातलं काजळ 'रन' होतं, तेव्हा कोणी अलंकारिक बोलत नसतो. तो शब्दाचा जुनाच अर्थ आहे. तुमचा मरूनही याच घरातला. रंग पाण्याबरोबर वाहिला.

मग यंत्रं आली. घड्याळ, चक्की, इंजिन, माग, छापखाना, कारखाना आणि शेवटी कॉम्प्युटर. यंत्र चालू असणं, ते चालवणं, ते बसवलेल्या संस्थेचा कारभार बघणं, एका दमात निघालेला माल, कारभाराची मुदत, या प्रत्येक गोष्टीसाठी इंग्रजांनी नवा शब्द घडवला नाही, 'रन'लाच कामाला लावलं. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. त्या काळातल्या गिरणीच्या इंग्रजी हिशेबांत 'रन' जागोजागी येणार हे उघड आहे. पण भोंगा ऐकून कामावर जाणारा माणूस घरी काय म्हणत असेल? मिल चालू आहे, मिल बंद आहे, माग चालत नाही.

इथं मराठी माणसाला एक फुकटचा फायदा आहे आणि तो कोणी सांगत नाही. इंग्रजीत जे पळतं ते आपल्याकडं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, पंखा चालतो, पिक्चर चालतो, संसाराचा गाडा चालतो, आणि तोंड तर काय, चालतच असतं. गंमत म्हणजे सोलापुरात ही सवय एकट्या मराठीची नाही. पूर्व भागातला तेलुगू बोलणारा विणकर दुकान चालवण्याला 'नडुपु' म्हणतो, कन्नडमध्ये 'नडेसु' म्हणतात, आणि दोन्हींच्या मुळाशी चालणंच आहे. उर्दूत 'चलाना' आहेच. चारही भाषांत दुकान चालतं, इंग्रजी एकटी पळते. म्हणजे तुमच्या डोक्यात या शब्दाचा अर्धा आराखडा आधीच तयार आहे. 'शी रन्स अ मेस' हे तुम्हाला शिकवावं लागत नाही, ती मेस चालवते. 'द केस रॅन फॉर टेन इयर्स', खटला दहा वर्षं चालला. 'इट रन्स इन द फॅमिली', घराण्यात चालत आलंय.

पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात पाय घसरतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी. 'मला चहा चालेल', 'ही फाटकी नोट चालत नाही', 'सहाला आलात तरी चालेल', यातल्या 'चालणे'जवळ 'रन' फिरकतसुद्धा नाही. उलट 'रनिंग अ फीवर' म्हणजे ताप चालवत नाही कोणी, अंगात ताप आहे. 'द आर्टिकल रॅन ऑन संडे' म्हणजे लेख रविवारी छापून आला. 'द कॉस्ट रन्स इनटू क्रोर्स' म्हणजे खर्च कोटींच्या घरात जातो. सिग्नल 'रन' केला म्हणजे तोडला. तुमच्या कारखान्यात नेमका हाच घोटाळा झाला: 'रन म्हणजे चालणे' हे समीकरण बऱ्याच ठिकाणी जमलं असतं, पण शेजारी रंग होता आणि 'वॉश' होता, तिथं ते जमत नाही.

रंगाच्या बाबतीत थोडं थांबते, कारण चादर आणि टॉवेलच्या गावात या एका वाक्यावर पैसे अडकतात. मराठीत आपण 'रंग गेला' असं एका दमात म्हणून मोकळे होतो. इंग्रजी गिऱ्हाईक तीन वेगळ्या तक्रारी करतं आणि तिन्हींची उत्तरं वेगळी असतात. उन्हानं किंवा वारंवार धुऊन रंग उडाला, विटला, फिका पडला, तर तो 'फेड'. कोरडा किंवा ओला टॉवेल पांढऱ्या कापडावर घासला आणि रंग लागला, तर ते 'रबिंग' किंवा 'क्रॉकिंग'. आणि धुताना रंगानं आपली जागा सोडली, शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर गुलाबी झाक आली, तर ते 'रन' किंवा 'ब्लीड'. कागदावर शाई फुटते ना, तसा कापडावर रंग फुटतो. मेलमध्ये यातला कुठला शब्द आहे त्यावरून लॅबला काय विचारायचं ते ठरतं. धुलाईच्या चाचणीत दोन आकडे येतात, एक कापडाचा स्वतःचा रंग किती बदलला त्याचा, दुसरा बरोबर जोडलेल्या पांढऱ्या कापडाला किती डाग पडला त्याचा. दोन्ही १ ते ५ च्या ग्रे स्केलवर, ५ सगळ्यात चांगला. 'रन' म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या आकड्याबद्दल बोलतंय. त्याला पहिला आकडा साडेचार आल्याचं सर्टिफिकेट पाठवून उपयोग नाही, तो आणखी चिडेल.

कारण शोधणं हा माझा प्रांत नाही, डाइंग मास्तरांचा आहे. तरी पत्रं लिहून लिहून एवढं माहीत झालंय की सुती मालावर रिअॅक्टिव्ह डाय वापरला की त्यातला काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि नुसता चिकटून राहतो. तो गरम पाण्यानं आणि सोपिंगनं, म्हणजे साबणाच्या धुलाईनं, धुऊन काढावा लागतो. मरून, नेव्ही, काळा अशा गडद रंगांत डाय जास्त लागतो, म्हणून मागं उरणाराही जास्त, आणि घाईत एक धुलाई कमी पडली की तो गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनमध्ये बाहेर येतो. उत्तरात हे एका ओळीत लिहिलंत तर समोरच्याला कळतं की तुम्हाला तक्रार समजली आहे.

याच्या उलट दिशेचा सापळा मला जास्त धोकादायक वाटतो, कारण तो आपल्या बाजूनं लागतो. बाजारात आपण 'रनिंग' हा शब्द स्वतःच्या अर्थानं वापरतो. टिळक चौकात साडीच्या दुकानात जा, 'हा रनिंग कलर आहे बघा' असं ऐकायला मिळेल, म्हणजे सारखा मागणीत असलेला, कायम खपणारा. 'रनिंग ब्लाउज' म्हणजे साडीच्याच कापडात, त्याच रंगात पुढं आलेला ब्लाउजपीस. जुनी मोटारसायकल घेताना 'रनिंग किती झालंय' म्हणजे किती किलोमीटर. 'गाडी रनिंगमध्ये आहे' म्हणजे वापरात आहे. बांधकामवाला 'रनिंग फूट'चा भाव सांगतो, रुंदी काहीही असो, लांबीवर. आणि सरकारी कामाचा ठेकेदार 'रनिंग बिल' काढतो, म्हणजे काम पुरं व्हायच्या आधी झालेल्या कामापुरतं बिल. हे सगळे शब्द आपले झालेत, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण परदेशी गिऱ्हाइकाला कॅटलॉग पाठवताना 'मरून इज अवर रनिंग कलर' असं लिहू नका. तो वाचेल: आमचा मरून रंग सोडतो. स्वतःच्या हातानं स्वतःच्या मालाची तक्रार लिहून पाठवल्यासारखं आहे ते. तिथं 'रेग्युलर' किंवा 'बेस्ट सेलिंग' लिहा. 'रनिंग मीटर' चालतं, 'रनिंग बिल' सरकारी कागदात चालतं, रंगाजवळ 'रनिंग' मात्र कधीच नको.

गिरणीवरून आणखी एक आठवलं, तुमच्या कामाचं आहे. 'रन ऑफ द मिल'. आज त्याचा अर्थ साधारण, सामान्य, नेहमीचाच असा होतो, आणि बहुतेक जण त्याचा गिरणीशी संबंध विसरून गेलेत. मुळात तो व्यापारी शब्द आहे: गिरणीतून जसा निघाला तसा माल, निवड न केलेला, फ्रेश आणि सेकंड वेगळा न काढलेला. खाणीतून निघालेल्या कोळशालाही असंच 'रन ऑफ माइन' म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकानं 'युवर डिझाइन इज रन ऑफ द मिल' लिहिलं तर खूश होऊ नका, नक्षीत काही विशेष नाही असं तो सांगतोय. पण कोळसा, सूत, लाकूड यांच्या सौद्यात तोच शब्द आला तर तो शब्दशः घ्या. निवड न केलेला माल, भाव त्या हिशेबानं.

कोर्टाचे कागद तुमच्याकडं येणार नाहीत कदाचित, पण त्यात 'रन'नं माणसाची वर्षं हलतात म्हणून सांगते. एकाला दोन गुन्ह्यांत तीन वर्षं आणि दोन वर्षं अशी शिक्षा झाली. निकालात 'सेंटेन्सेस शॅल रन कन्करंटली' असेल तर शिक्षा एकत्रित भोगायच्या, म्हणजे तीन वर्षांत सुटका. 'कन्सेक्युटिव्हली' असेल तर एकामागून एक, म्हणजे पाच. इथं 'रन'ला मराठीत 'भोगणे' हा शब्द आहे आणि तो किती नेमका आहे बघा, कारण मराठीत शिक्षा चालतही नाही, धावतही नाही, ती भोगावी लागते. मुदतीचंही तसंच. १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टचं नववं कलम सांगतं की मुदत एकदा 'रन' व्हायला लागली की दावा लावणाऱ्यावर नंतर काही अडचण आली, तो असमर्थ झाला, तरी ती थांबत नाही. मराठीत मी 'मुदत सुरू झाली की' असं लिहिते. व्याजाच्या बाबतीत मात्र 'सुरू होणे' पुरत नाही, तिथं 'लागणे' हवं, अमुक तारखेपासून व्याज लागेल. तीन जागा, तीन क्रियापदं, इंग्रजीत एकच.

निवडणुकीत तर इंग्रज आणि अमेरिकन यांचंच एकमेकांशी जुळत नाही. अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. आपल्याकडं उमेदवार उभा राहतो, म्हणजे याबाबतीत आपण लंडनच्या बाजूचे. पडला तर तिन्हीकडं पडतोच.

मग 'धावणे' कुठंच नाही का? आहे की. रेल्वेत आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रोज धावते असं छापलेलं असतं, आपण घरी मात्र 'सिद्धेश्वर रोज असते' म्हणतो. स्टेशनवर तर गाडी 'चाळीस मिनिटं उशिरा धावत आहे' अशी घोषणा होते तेव्हा ती बहुधा आउटरला उभी असते. क्रिकेटमध्ये आहे, आणि तिथं मराठीनं फारच नीटस काम केलंय: धावा, धावबाद, धावफलक, धावसंख्या. पार्क मैदानावर चेंडू सीमेपार गेला की फलंदाज एक पाऊलही न पळता चार धावा मिळवतो. म्हणजे 'रन'मधली पळण्याची क्रिया गळून गेली आणि उरला तो हिशेब. हे 'धाव'मध्येही जसंच्या तसं झालं.

या 'धाव'कडं मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण इंग्रजी शब्दाला इतके फाटे कसे फुटतात याचं नवल वाटणाऱ्यांनी आपलाच शब्द नीट बघितलेला नसतो. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून खाली जात ती वाट म्हणजेही धाव. शिवणातला साधा पुढं जाणारा टाका म्हणजे धावदोरा, आणि इंग्रजीतही तो 'रनिंग स्टिच'च आहे. विमान उतरतं ती धावपट्टी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणजे इथं धाव झाली पोहोच. आणि संकटात देवाचा धावा करतात तो तर वेगळाच. पळण्याच्या क्रियेवरून पळण्याची वाट, त्या वाटेवर टेकणारी वस्तू, पोचण्याची मर्यादा, असा शब्द हळूहळू सरकत जातो. इंग्रजीत कोंबड्यांच्या खुराड्यापुढच्या जाळीच्या मोकळ्या जागेला 'चिकन रन' म्हणतात ते मोटेच्या धावेसारखंच: पळायची जागा. 'रन'चे अर्थ असे एकमेकांना धरून आहेत. प्रत्येक अर्थाला त्याच्या अलीकडचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून ते दिसतात तितके अंगावर येत नाहीत.

खरं अवघड आहे ते 'रन'च्या मागं चिकटणारे छोटे शब्द. यांच्यासाठी मात्र तर्क चालत नाही, सवय लागते. 'रन आउट ऑफ' म्हणजे संपणं, 'रनिंग लो' म्हणजे संपत येणं, आणि साठ्याच्या मेलमध्ये या दोहोंतला फरक आठवड्याभराचा असू शकतो. 'रन बाय' म्हणजे कानावर घालणं, दाखवून घेणं. 'रन थ्रू' म्हणजे एकदा नजरेखालून घालणं. 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीम, आणि यात डाइंगचा कोरडेपणा शोधू नका. 'रन डाउन'ला शेजारी काय आहे ते बघावं लागतं: बॅटरी असेल तर उतरली, इमारत असेल तर मोडकळीला आली, माणसाला कोणी 'रन डाउन' करत असेल तर त्याची नालस्ती करतोय, आणि गाडीनं केलं असेल तर उडवला. 'रन इनटू' त्याहून बेरकी. 'ही रॅन इनटू अ फ्रेंड' म्हणजे मित्राची अचानक गाठ पडली, 'ही रॅन इनटू अ ट्री' म्हणजे झाडाला धडकला. विम्याच्या क्लेमच्या कागदात मित्राच्या जागी 'अ पार्क्ड ट्रक' असतो तेव्हा कोणी गाठ पडली असं लिहीत नाही, म्हणजे आपल्याला पद्धत आतून माहीतच असते.

ती पद्धत अशी. क्रियापदाकडं बघूच नका, आधी त्याच्या शेजारचं नाम धरा. रंग, नाक, साठा, खटला, ताप, व्याज, माग, उमेदवार, जे असेल ते. मग स्वतःला विचारा की मराठीत या वस्तूचं काय काय होतं. रंगाचं काय होतं? चढतो, उडतो, उतरतो, फुटतो, सुटतो, लागतो. यातलं वाक्यातल्या बाकीच्या पुराव्याशी, इथं 'आफ्टर टू वॉशेस'शी, काय जुळतं? उडतो आणि सुटतो हे दोन उरतात. आता 'फेड' न म्हणता 'रन' म्हटलंय, म्हणजे वाहण्याच्या बाजूचा: सुटला. कोश उघडायचा तो यानंतर, आपला अंदाज तपासायला. मी नव्या मुलांना कोश आधी उघडू देत नाही, त्यावरून ते चिडतात, पण आधी कोश उघडला की पहिल्या तीन अर्थांतलाच एक उचलायचा मोह होतो आणि 'रन'सारख्या शब्दात पहिले तीन तुमच्या कामाचे नसतातच.

कोश कुठला, हेही विचाराल. इंग्रजी-मराठी कोश घरात हवाच. १८४७ चा कँडीचा कोश तर भाषेचा नाद असेल तर जरूर चाळा, त्यात मराठी क्रियापदांची श्रीमंती दिसते. पण मेलसाठी तुम्हाला लागेल तो शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, ज्यात प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य दिलेलं असतं. अर्थ वाचू नका, वाक्यं वाचा आणि तुमच्या नामाशी जुळणारं वाक्य सापडेपर्यंत खाली सरका. फोनवरच्या भाषांतराच्या अॅपमध्ये एकटा 'रन' टाकू नका, सगळं वाक्य टाका, आणि जे मराठी येईल ते मोठ्यानं वाचून बघा. 'मरून दोन धुतल्यानंतर धावला' असं काही आलं तर कानच सांगेल.

एक वही करा. तीत 'रन' असं शीर्षक देऊन अर्थांची यादी करू नका. पानाच्या वर 'रंग' लिहा, 'साठा' लिहा, 'माल' लिहा, 'मुदत' लिहा, आणि त्या पानावर आलेल्या मेलमधली वाक्यं तुमच्या मराठीसह उतरवत जा. तुमच्या धंद्यात नामं मोजकी आहेत. सहाशे पंचेचाळीसपैकी तुम्हाला लागणारे वीस-पंचवीस अर्थ आपोआप त्या पानांवर गोळा होतील. आणि शंका आली तर गिऱ्हाइकालाच विचारा, त्यात कमीपणा नाही. फक्त प्रश्न शब्दाचा अर्थ काय असा विचारू नका. 'डिड द मरून स्टेन द व्हाइट बॉर्डर?' असा विचारा, आणि डाग पडलेल्या टॉवेलचा फोटो मागवा. तो फोटो डाइंग मास्तरांनाही लागणारच आहे.